बदनापूर ते करमाड : सोळा जणांची शेवटची पायपीट

पाठीवर सॅक टाकून रानावनात भटकायला निघणारा माणूस चार गोष्टी आधी पक्क्या करतो : वाट कुठली, पाणी कुठे, मुक्काम कुठे आणि आपण निघालोय हे कुणाला सांगितलंय. 7 मे 2020 च्या संध्याकाळी जालन्याहून वीस मजूर पायी निघाले. पाठीवर त्यांच्याही बोजा होता, पण हौसेचा नव्हता. त्यांतल्या सोळा जणांनी 8 मेची सकाळ पाहिली नाही. त्या सकाळपर्यंत घडत गेलं ते असं.

24 मार्च, रात्री 8. पंतप्रधान दूरदर्शनवरून देशाशी बोलले. कोरोनाच्या साथीमुळे मध्यरात्रीपासून सगळा देश बंद. प्रवासी गाड्या दोन दिवस आधीच थांबल्या होत्या, मालगाड्या मात्र धावत राहिल्या. अन्नधान्य, कोळसा, इंधन पोचवायचं तर त्या चालू ठेवणं भागच होतं. 7 मेच्या रात्रीच्या हकिगतीत पुढे हीच गोष्ट जीवघेणी ठरली.

एप्रिल. ‘जालना, सोने का पालना’ असं या गावाबद्दल म्हणतात. इथल्या औद्योगिक वसाहतीतल्या लोखंडी सळयांच्या कारखान्यांत उत्तरेकडचे मजूर वर्षानुवर्षं राबतात. हे वीस जण अशाच एका पोलाद कारखान्यातले, मध्य प्रदेशातल्या उमरिया आणि शहडोल या जिल्ह्यांमधले. काम थांबलं आणि हातावर पोट असलेल्यांचे दिवस मोठे झाले.

29 एप्रिल ते 1 मे. अडकलेल्या मजुरांना आपापल्या राज्यात जाऊ द्यावं, असा आदेश केंद्रीय गृहमंत्रालयाने काढला. 1 मे रोजी तेलंगणातल्या लिंगमपल्लीहून झारखंडच्या हटियाकडे पहिली श्रमिक विशेष गाडी सुटली. पण गाडीत बसायचं तर नावनोंदणी हवी, याद्या हव्यात, दोन्ही राज्यांची संमती हवी. आपण प्रवासाच्या पाससाठी अर्ज केले होते, उत्तर आलं नाही, असं या वीस जणांतल्या वाचलेल्यांनी नंतर सांगितलं.

7 मे, संध्याकाळी 7. दिवसभराचं ऊन कलल्यावर ते निघाले. भुसावळ गाठायचं, तिथून मध्य प्रदेशाकडे जाणारी एखादी गाडी मिळेल, एवढ्याच भरवशावर. भुसावळ दीडशे किलोमीटरच्या आसपास. सोबत कपड्यांची बोचकी आणि वाटेत खायला पोळ्या. रस्त्यांवर नाकाबंदी होती, म्हणून रुळांची वाट धरली. रेल्वेमार्ग सरळ, चुकायची भीती नाही. शिवाय गाड्या बंद आहेत, असं ते धरून चालले होते.

रात्र. त्या दिवशी बुद्धपौर्णिमा होती, म्हणजे वाट दिसण्यापुरतं चांदणं असणार. पण रुळांवरून चालणं हे पायवाटेवरून चालण्यासारखं नसतं. दोन स्लीपरमधलं अंतर साधारण 60 सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या माणसाच्या मोकळ्या पावलापेक्षा कमी. प्रत्येक स्लीपरवर पाऊल टाकावं तर चाल आखडते, एक सोडून टाकावं तर ढांग पुरत नाही. मध्ये पाय पडला की टोकदार खडी, आणि पायात चपला. काही तासांतच घोटे आणि पोटऱ्या भरून येतात. डोंगर चढायची सवय असलेला, जेवलेला, बूट घातलेला माणूसही एका दिवसात 20-25 किलोमीटरवर समाधान मानतो. हे लोक एका रात्रीत 36 किलोमीटरच्या आसपास चालले.

8 मे, पहाटे 4 च्या सुमारास. बदनापूर मागे पडलं होतं, करमाड यायचं होतं. सटाणा शिवारात पाय उचलेनात. तिघे जण थोडे बाजूला विसावले, बाकीचे रुळांवरच टेकले. घटकाभर बसायचं म्हणून बसलेल्यांना झोप लागली. दोन्ही बाजूंना रान, विंचूकाट्याची भीती. रुळांचा भराव त्यामानाने उंच आणि कोरडा. गाड्या बंद असल्याची खात्री. दमलेल्या माणसाला पाठ टेकायला एवढं पुरे होतं.

पहाटे सव्वापाच ते साडेपाच. हैदराबादजवळच्या चर्लापल्लीहून मनमाडजवळच्या पानेवाडीकडे निघालेली, रिकाम्या इंधन टाक्यांची मालगाडी याच एकेरी मार्गावरून आली. चालकाला रुळांवर माणसं दिसली. त्याने भोंगा वाजवला, ब्रेक लावले. पण धावती मालगाडी ब्रेक लावल्या जागी थांबत नाही, ती शेकडो मीटर पुढे जाते. बाजूला असलेले तिघे जागे होऊन ओरडले. हाक पोचायच्या आत गाडी पोचली. चौदा जण जागीच गेले, दोघांनी नंतर प्राण सोडला. एक जखमी झाला.

उजाडल्यावर रुळांमध्ये पोळ्या पसरलेल्या होत्या. शेजारी चपला, बोचकी, मास्क. ती छायाचित्रं देशभर पोचली.

त्याच दिवशी. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश या दोन्ही राज्य सरकारांनी मृतांच्या कुटुंबीयांना प्रत्येकी पाच लाख रुपये जाहीर केले. रेल्वे सुरक्षा आयुक्तांची चौकशी लागली. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने महाराष्ट्राला नोटीस काढली. आणि ज्यांना जिवंतपणी गाडी मिळाली नाही, त्यांचे मृतदेह विशेष गाडीने जबलपूरकडे निघाले.

15 मे. पायी निघालेल्या मजुरांसाठी सर्वोच्च न्यायालयात अर्ज झाला होता. लोक रुळांवरच झोपले तर त्यांना कोण थांबवणार, अशा आशयाचा प्रश्न खंडपीठाने केला आणि अर्ज फेटाळला.

हाच प्रश्न तेव्हा घराघरांतही ऐकू येत होता : रुळावर झोपतं का कुणी? मला तो प्रश्नच चुकीचा वाटतो. या हकिगतीची उतरंड वरून खाली पाहा. काम गेलं, गाडी बंद झाली, अर्जाला उत्तर आलं नाही, रस्ता अडला आणि पाय थकले. रुळावरची झोप ही या साखळीतली शेवटची कडी होती, आणि त्यांच्याकडून घडलेली एवढीच एक कडी होती. आधीच्या प्रत्येक कडीवर दुसऱ्या कुणाचा तरी हात होता. जालन्यातून निघणाऱ्या लोंढ्याला मालगाड्या चालू आहेत हे कुणी सांगितलं असतं, दर काही कोसांवर पाण्याची आणि पाठ टेकण्याची सोय असती, तर ही साखळी कुठेतरी तुटली असती.

9 जून. सर्वोच्च न्यायालयाने 26 मे रोजी स्वतःहून दखल घेतली होती. आता त्याने आदेश दिला की, गावी जाऊ इच्छिणाऱ्या सर्व मजुरांना पंधरा दिवसांत पोचवा. म्हणजे त्यांना पोचवणं ही सरकारचीच जबाबदारी होती आणि ते करता येण्यासारखं होतं. तो आदेश 24 मार्चच्या घोषणेबरोबरच निघायला हवा होता.