पायाभूत सुविधांमधील मुक्त प्रवेश (रत्नागिरी जिल्हा)

मुक्त प्रवेश किंवा ओपन ॲक्सेस म्हणजे वायुवाहिनी, वीजवाहिनी यांसारख्या पायाभूत सुविधेचा वापर मालकाव्यतिरिक्त इतरांनाही, ठरलेले शुल्क भरून व भेदभावाविना करता यावा, अशी कायदेशीर व्यवस्था होय. अशा सुविधा समांतर उभारणे खर्चिक असल्याने मालकाने वाट अडवल्यास स्पर्धाच संपुष्टात येते. रत्नागिरी जिल्ह्यात वायू व वीज या दोन्ही क्षेत्रांत ही व्यवस्था लागू आहे.

नैसर्गिक वायू

पेट्रोलियम व नैसर्गिक वायू नियामक मंडळ अधिनियम, २००६ नुसार मंडळ वायुवाहिनीला सामाईक वाहक किंवा कंत्राटी वाहक ठरवू शकते. कंत्राटी वाहकात किमान एक वर्षाच्या पक्क्या कराराने क्षमता राखली जाते. वाहतूक शुल्क मंडळ ठरवते. वायूची विक्री व वाहतूक दोन्ही करणाऱ्या कंपनीस संलग्न संस्थांविषयीची आचारसंहिता पाळावी लागते. हे दोन्ही व्यवसाय वेगळे करण्यास सांगण्याचा अधिकारही मंडळास आहे.

गुहागर तालुक्यातील अंजनवेल येथून निघणारी गेल कंपनीची दाभोळ–बंगळूर वाहिनी २०१३ मध्ये कार्यान्वित झाली. बेळगाव, धारवाडमार्गे ती कर्नाटकात जाते. राष्ट्रीय जाळ्यातील परस्परांना जोडलेल्या वाहिन्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून एकीकृत शुल्क लागू झाले.

घरगुती व वाहनवायूच्या शहरी जाळ्यास वेगळा नियम आहे. गुंतवणूक परत मिळावी म्हणून परवानाधारकास सुरुवातीची ठरावीक वर्षे इतर विक्रेत्यांपासून संरक्षण मिळते. त्यानंतर जाळे इतरांसाठी खुले करण्याची तरतूद आहे.

टर्मिनलचा प्रश्न

अंजनवेलचे द्रवरूप नैसर्गिक वायू टर्मिनल मूळ दाभोळ वीज प्रकल्पाचा भाग होते. एन्रॉनप्रणीत हा प्रकल्प २००१ मध्ये बंद पडला व २००५ मध्ये रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे आला. २०१८ मध्ये टर्मिनल वेगळे होऊन कोकण एलएनजी या कंपनीकडे गेले. ही कंपनी गेलची उपकंपनी आहे.

२००६ च्या अधिनियमात टर्मिनलसाठी मंडळाकडे नोंदणीची तरतूद आहे. मात्र वाहिनीप्रमाणे त्याचे शुल्क ठरवण्याचा अधिकार मंडळास दिलेला नाही. त्यामुळे वाहिनी खुली असली तरी आयात वायू तिच्यात आणू इच्छिणाऱ्यास टर्मिनलमधील क्षमता व्यापारी करारानेच मिळवावी लागते. एकाच समूहाकडे टर्मिनल, वाहिनी व विक्री असल्यास हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो.

वीज

विद्युत अधिनियम, २००३ नुसार पारेषण परवानाधारकाने आपल्या वाहिन्या भेदभावाविना इतरांना उपलब्ध करून देणे बंधनकारक आहे. जयगड येथील १,२०० मेगावॉट औष्णिक प्रकल्पाची वीज वाहून नेणाऱ्या ४०० किलोव्होल्ट वाहिन्या जयगड पॉवरट्रान्सको या कंपनीच्या आहेत. तीत जेएसडब्ल्यू एनर्जीचा ७४ टक्के व महापारेषणचा २६ टक्के हिस्सा आहे. वाहिनी खाजगी भागीदारीची असली तरी परवान्यामुळे हे बंधन तिलाही लागू होते.

वितरण जाळ्यातून दुसऱ्याकडून वीज घेणाऱ्या ग्राहकास वहन आकार व क्रॉस-सबसिडी अधिभार भरावा लागतो. मोठे ग्राहक निघून गेल्यास सवलतीच्या दरातील ग्राहकांचा भार कोणी उचलायचा, हा या अधिभारामागील प्रश्न आहे. त्याचे दर महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग ठरवतो.