अहमदाबाद : गिरणगावाची पायाभरणी

सुलतान अहमदशाहाने १४११ मध्ये वसवलेले अहमदाबाद यंत्रयुगाच्या कितीतरी आधीपासून कापडासाठी प्रसिद्ध होते. हे शहर रेशीम, सूत आणि जर या तीन धाग्यांवर तोललेले आहे, असे म्हटले जाई. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात येथे पेशवे व गायकवाड यांचा संयुक्त अंमल होता. १८१७ नंतर शहर इंग्रजांच्या ताब्यात गेले आणि पुढील काही दशकांत लँकेशायरच्या स्वस्त कापडाने स्थानिक हातमागांपुढे संकट उभे केले.

त्याला यंत्रानेच उत्तर देण्याचा ध्यास रणछोडलाल छोटालाल यांनी घेतला. १८२३ मध्ये नागर ब्राह्मण कुटुंबात जन्मलेले रणछोडलाल मूळचे सरकारी नोकर. व्यापाराचा वारसा त्यांना नव्हता. भांडवल उभारण्यात बरीच वर्षे गेली. लंडनमध्ये असलेल्या दादाभाई नौरोजी यांच्यामार्फत यंत्रे मागवली, तर पहिली खेप समुद्रातच नष्ट झाली. दुसरी खेप खंबायतच्या बंदरात उतरली. अहमदाबादला तेव्हा लोहमार्ग नव्हता, म्हणून अवजड यंत्रे बैलगाड्यांतून आणावी लागली. उभारणीसाठी आलेला इंग्रज तंत्रज्ञ कॉलऱ्याने दगावला. अखेर ३० मे १८६१ रोजी सुमारे २,५०० चात्यांची गिरणी सुरू झाली.

मुंबई १८६४ मध्ये लोहमार्गाने जोडली गेली, तरी अहमदाबादची वाढ सावध गतीने झाली. दुसरी गिरणी बेचरदास लश्करी यांनी १८६७ मध्ये काढली. शतक संपेपर्यंत ही संख्या वीसच्या पुढे गेली आणि १९०५ च्या स्वदेशी चळवळीने देशी कापडाची मागणी आणखी वाढवली.

या उद्योगाचे वेगळेपण त्याच्या भांडवलात होते. यंत्रे विलायती असली, तरी पैसा प्रामुख्याने शहरातील सराफी पेढ्यांचा आणि सामान्य ठेवीदारांचा होता. मालकवर्गात जैन व वैष्णव वाणी कुटुंबांचे प्राबल्य होते. व्यापारी व कारागिरांच्या ‘महाजन’ या जुन्या संघटनांत मुरलेली पत आणि तडजोडीची रीत त्यांनी गिरणीतही आणली. रणछोडलाल पुढे नगरपालिकेचे अध्यक्ष झाले. नळाचे पाणी आणि भुयारी गटारे या त्यांच्या योजनांना शहरातूनच कडवा विरोध झाला, तरी त्यांनी त्या रेटून नेल्या.

मात्र जुन्या रीतीबरोबर जुन्या भिंतीही गिरणीत आल्या. हाताचे विणकाम बुडालेले वणकर व अन्य दलित कामगार सूतकताई खात्यात आले. अधिक मजुरीचे विणकाम खाते मुसलमान आणि पाटीदार कामगारांकडे राहिले. धोट्यातून धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. विटाळाच्या कल्पनेमुळे ते काम दलितांना नाकारले गेले.

मालक व मजूर यांच्या संबंधाची कसोटी १९१८ मध्ये लागली. प्लेगच्या काळात मजूर टिकवण्यासाठी दिलेला भत्ता मालकांनी काढून घेतला. विणकरांनी पन्नास टक्के वाढ मागितली; मालक वीस टक्क्यांवर अडले. गांधीजींनी पस्तीस टक्क्यांची मागणी रास्त ठरवली. मालकांचे नेतृत्व अंबालाल साराभाई करत होते, तर त्यांच्या भगिनी अनसूयाबेन मजुरांच्या बाजूने उभ्या होत्या. गांधीजींच्या तीन दिवसांच्या उपोषणानंतर वाद लवादाकडे गेला आणि आनंदशंकर ध्रुव यांनी पस्तीस टक्क्यांचा निवाडा दिला.

१९२० मध्ये मजुरांची कायमची संघटना स्थापन झाली. व्यापारी आणि कारागिरांपुरता असलेला शब्द घेऊन तिने आपले नाव ठेवले : ‘मजूर महाजन’.