छपरावरचे ऊन विकाऊ कसे झाले?

पुणे–नाशिक रस्त्यावर, मंचरच्या अलीकडे, आंबेगाव तालुक्यात पेठ नावाचे गाव आहे. पेठ म्हणजे बाजार. या नावाच्या गावातला माणूस आज आपल्या छपरावर पडणारे ऊनही विकू शकतो. छपरावर सौर पॅनल बसवायचे, घरची गरज भागवायची आणि उरलेली वीज तारेतून परत पाठवायची. ऊन सातवाहनांच्या काळीही असेच पडत होते. मग महाराष्ट्रातील सामान्य घराला त्याचे पैसे मिळायला २०१५ साल का उजाडावे लागले? आजचा धागा या प्रश्नाचा आहे. माझ्या मते त्याचे उत्तर यंत्रात कमी आणि कागदात अधिक सापडते.

सुरुवात शेजारच्या जुन्नरपासून करू. तिथल्या लेण्यांत आडुथुम नावाच्या एका शक उपासकाचा लेख आहे. आपल्या शेताचे उत्पन्न त्याने कोणाचिक नावाच्या श्रेणीकडे सोपवले होते. श्रेणी म्हणजे व्यावसायिकांचा संघ. बांबूकाम करणाऱ्यांच्या आणि कांस्यकारांच्या श्रेणींकडे ठेवलेल्या ठेवींचे लेखही जुन्नरला आहेत. नाशिकच्या लेण्यांत हा व्यवहार अधिक तपशिलाने दिसतो. नहपानाचा जावई उषवदात याने गोवर्धनच्या विणकरांकडे ३००० कार्षापण ठेवले. त्यांपैकी २००० दरमहा शेकडा एक दराने आणि १००० दरमहा शेकडा पाऊण दराने. मुद्दलाला हात लावायचा नाही, व्याजातून भिक्षूंचा खर्च चालवायचा. अशा ठेवीला ‘अक्षयनीवी’ म्हणत.

या लेखांत तीन गोष्टी काटेकोरपणे नोंदवलेल्या असतात: पैसे कोण देणार, कोणत्या दराने देणार आणि किती काळ. मालमत्तेतून नियमित उत्पन्न हवे असेल तर या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आधी लिहून ठेवावी लागतात, हे त्या मंडळींना पक्के ठाऊक होते. म्हणून तर ती दगडात कोरली. ही त्रयी लक्षात असू द्या, पुढे ती पुन्हा पुन्हा लागेल.

आता थेट एकोणिसाव्या शतकातील मुंबईत येऊ. उच्च न्यायालयात डेप्युटी रजिस्ट्रार असलेल्या विल्यम अ‍ॅडम्स यांना उन्हाने झपाटले होते. मिडल कुलाब्यात त्यांनी लहान लहान सपाट आरसे एका मोठ्या चौकटीवर बसवले, त्यांचा झोत तांब्याच्या बॉयलरवर पाडला आणि निघालेल्या वाफेवर अडीच अश्वशक्तीचे इंजिन चालवून दाखवले. १८७८ मध्ये, उष्ण प्रदेशांत इंधनाऐवजी सूर्याची उष्णता वापरता येईल असे सांगणारे त्यांचे पुस्तकही प्रसिद्ध झाले. यंत्र चालले, पण पुढे त्याचा प्रसार झाला नाही. निर्माण झालेली शक्ती जागच्या जागी वापरण्यापलीकडे अ‍ॅडम्स काय करू शकत होते? ती वाहून नेणारी तार कुलाब्यात नव्हती, विकत घेणारा कोणी नव्हता आणि मोजणारा मीटरही नव्हता.

सिलिकॉनचा व्यवहार्य सौरघट १९५४ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत तयार झाला. तो प्रथम उपग्रहांवर गेला, घरांवर येण्यास बराच काळ लागला. १९७० च्या दशकातील तेलटंचाईनंतर अमेरिकेने १९७८ मध्ये कायदा करून वीजकंपन्यांवर लहान उत्पादकांची वीज विकत घेण्याचे बंधन घातले. त्याच सुमारास मॅसॅच्युसेट्समधील वास्तुविशारद स्टीव्हन स्ट्राँग यांनी इमारतीवरचे पॅनल थेट तारेला जोडले. वीज बाहेर गेली की जुन्या मीटरची चकती उलटी फिरे. ज्याला आपण आज नेट मीटरिंग म्हणतो, त्याचे मूळ या उलट्या फिरणाऱ्या चकतीत आहे.

जर्मनीची गोष्ट मला सर्वांत आवडते. १९९० मध्ये तिथे वीजखरेदीचा जो कायदा झाला, त्यामागचे एक प्रमुख खासदार मॅथिआस एंगेल्सबर्गर हे बव्हेरियाचे, तेही पुराणमतवादी पक्षाचे. त्यांना चिंता होती ती ओढ्यांवर लहान जलविद्युत केंद्रे चालवणाऱ्यांची, कारण कंपन्या त्यांना योग्य भाव देत नसत. हरित पक्षाचे वोल्फगांग डॅनियल्स त्यांच्या जोडीला आले आणि अवघ्या काही कलमांचा कायदा संमत झाला. १ जानेवारी १९९१ पासून सौर व पवन विजेला ग्राहकदराच्या किमान ९० टक्के भाव देणे कंपन्यांना भाग पडले. २००० च्या कायद्याने तर २० वर्षांसाठी ठरावीक दराची हमी दिली. कोण, किती, किती काळ: उषवदाताची त्रयी जर्मन राजपत्रात अवतरली म्हणा ना!

भारतात जानेवारी २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान सुरू झाले. त्यानंतर लवकरच गांधीनगरमध्ये पाच मेगावॉटचा प्रयोग झाला. कंपन्यांनी लोकांची छपरे घेतली आणि निर्माण होणाऱ्या प्रत्येक युनिटमागे घरमालकाला तीन रुपये देऊ केले. म्हणजे छपराचे चक्क भाडे. महाराष्ट्राने निराळी वाट धरली. राज्य वीज नियामक आयोगाने सप्टेंबर २०१५ मध्ये नेट मीटरिंगचे विनियम काढले. त्यांनुसार बाहेर पाठवलेले युनिट घेतलेल्या युनिटांतून वजा होतात, शिल्लक पुढच्या बिलात जाते आणि ३१ मार्चला उरलेल्या युनिटांचा हिशेब आयोगाच्या दराने होतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्राची ‘पीएम सूर्यघर’ योजना आली. तिच्यात पहिल्या दोन किलोवॉटसाठी प्रत्येकी ३०,००० रुपये आणि तीन किंवा त्याहून अधिक किलोवॉटसाठी एकूण ७८,००० रुपये अनुदान आहे.

मग पेठेतल्या घराला ‘उत्पन्न’ किती? येथे जाहिरातीची भाषा बाजूला ठेवली पाहिजे. एक किलोवॉटपासून महिन्याला सुमारे १२० युनिट मिळतात. ज्या घराचा वापरच १०० युनिटांच्या आत आहे, त्याची वाचलेली वीज सर्वांत स्वस्त टप्प्यातली असते. ४०० युनिट जाळणाऱ्या शहरी बंगल्याची वाचते ती महागड्या टप्प्यातली. सूर्य दोघांना सारखेच देतो, दरपत्रक नाही. बरे, अनुदान मिळते म्हणून लहान घराने तीन किलोवॉट बसवले तर वर्षअखेरीस बरेच युनिट शिल्लक राहतील, पण त्यांना मिळणारा भाव आपण बिलात भरतो त्यापेक्षा पुष्कळ कमी असतो. शिवाय हिशेबाचे वर्ष संपते ते ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर. एप्रिल-मेमधली शिल्लक पावसाळ्यात कामी येते, हिवाळ्यातली मात्र पंखे सुरू होण्याआधीच निकाली निघते. खरे उत्पन्न म्हणजे न भरावे लागलेले बिल.

आणि ‘किती काळ’ हा तिसरा प्रश्न? स्पेनने २०१५ मध्ये स्वतःच्या विजेचा वापर करणाऱ्यांवर आकार बसवला. लोक त्याला ‘सूर्यकर’ म्हणत, तो २०१८ मध्ये रद्द झाला. अमेरिकेतील नेवाडा राज्याने २०१५ च्या अखेरीस छपरावरच्या विजेचा मोबदला घटवला, तोही आधीच पॅनल बसवून बसलेल्यांसह. ओरड झाल्यावर पुढील वर्षी जुन्या ग्राहकांना जुन्या अटी परत मिळाल्या. आपल्याकडेही आयोगाच्या २०१९ च्या मसुद्यात नेट मीटरिंगची सोय आकुंचित करण्याचा प्रस्ताव होता. हरकती आल्या आणि अंतिम विनियमांत ती सोय टिकली. मात्र त्यांतच एक ओळ आहे: राज्यातील छपरावरची क्षमता ५००० मेगावॉट होईपर्यंत तारेच्या वापराचा वेगळा आकार लावला जाणार नाही. त्यानंतर काय, ते आयोग ठरवील. पॅनलचे आयुष्य २५ वर्षांचे सांगितले जाते. त्या अवधीत नियम किती वेळा बदलतील, याचा अंदाज विक्रेता देत नाही.

जुन्नरच्या लेखांत आणखी एक गोष्ट न चुकता येते, ती म्हणजे दात्याचे नाव. अनुदानाच्या अर्जातही नावापाशीच गाडी अडते. अर्जदाराचे नाव वीजबिलावरील नावाशी जुळावे लागते आणि गावाकडे कितीतरी घरांचे बिल अजून आजोबांच्या नावाने येते. आजोबा कधीच गेलेले, घर तीन भावांचे, त्यांतला एक चाकणला, एक ठाण्याला. म्हणजे पॅनलच्या आधी ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा, मग भावांची संमतिपत्रे, मग मीटर नावावर करण्याचा अर्ज. छपरावरचे ऊन तोवर नुसतेच पत्रा तापवत राहते.