टायपिंगच्या सर्टिफिकेटपासून क्लाउडपर्यंत : कागद कुणाचा, दार कुठलं?

आजच्या भागाचं हे लेखी रूप. बोलण्याच्या ओघातली काही वाक्यं तशीच ठेवली आहेत.

वसई, नालासोपारा, विरार या आपल्या पट्ट्यातली मुलं मला जो प्रश्न सगळ्यात जास्त विचारतात, तो वरवर पाहता इतिहासाचा नसतोच. "दादा, बीएस्सी आयटी झालंय. आता एडब्ल्यूएस करू, जावा करू की टेस्टिंग?" आता तुम्ही म्हणाल, इतिहासाच्या पॉडकास्टमध्ये हे कशाला? तर हा प्रश्न आपल्याकडे तीन पिढ्या विचारला जातोय. सर्टिफिकेटचं नाव तेवढं बदलतं.

सुरुवात टायपिंगपासून करू. १९३६ साली विजेवरची लोकल विरारपर्यंत आली आणि पुढे हळूहळू इथल्या घरांत नोकरी म्हणजे चर्चगेटच्या दिशेची नोकरी, असं समीकरण झालं. त्या नोकरीची किल्ली होती सरकारी टायपिंग परीक्षा. मराठी ३० शब्द, इंग्रजी ४० शब्द, मिनिटाला. क्लर्क-टायपिस्टच्या जाहिरातीत हे आकडे अजून दिसतात. या कागदाची एक खुबी बघा. यंत्र रेमिंग्टनचं असो की गोदरेजचं, बोटांतलं कौशल्य तेच. परीक्षा सरकारची, यंत्र कुणाचंही, आणि कागदाने कुठलं दार उघडतं हे घरातल्या सगळ्यांना ठाऊक.

मग कॉम्प्युटर आला. अंधेरीचं सीप्झ १९७३ पासून होतंच, म्हणजे आपल्याच लोकल लाइनवर. दिल्लीत १९८१ साली एनआयआयटी सुरू झाली, मुंबईत १९८६ साली ॲप्टेक. नव्वदच्या दशकात अशा क्लासेसच्या पाट्या उपनगरांत स्टेशनागणिक लागल्या. इथे पहिल्यांदा एक गोष्ट बदलली. शिकवणारा, परीक्षा घेणारा आणि कागद देणारा एकच झाला. वायटूकेच्या काळात कोबोल शिकणाऱ्यांना मागणी आली. २००० साल उलटलं, पाठोपाठ डॉटकॉमचा फुगा फुटला आणि मागणी ओसरली. हप्त्याने भरलेली फी मात्र भरावीच लागली.

सरकारनेही आपले रस्ते काढले, आणि ते एकसारखे नव्हते. डोएक या केंद्र सरकारच्या योजनेत ओ, ए, बी, सी अशा पायऱ्या होत्या. त्या संस्थेला २०११ पासून नायलिट म्हणतात. २००१ साली राज्यात एमकेसीएल स्थापन झाली आणि एमएस-सीआयटी गावोगाव पोचलं. अनेक सरकारी पदांसाठी ते लागतं, म्हणजे दार खरं आहे. पण ते कॉम्प्युटर साक्षरतेचं दार आहे, सॉफ्टवेअर कंपनीचं नाही. हा फरक कळला नाही म्हणून "एमएस-सीआयटी झालंय, आयटीत नोकरी मिळेल ना?" असं विचारणारे पालक आजही भेटतात.

तिसरा रस्ता सी-डॅकचा. १९८८ साली पुण्यात विजय भटकरांच्या नेतृत्वाखाली ही संस्था उभी राहिली, १९९१ साली परम ८००० आला आणि १९९३ साली प्रशिक्षण शाखा सुरू झाली. जुहूची एनसीएसटी ही संस्थाही २००३ साली सी-डॅकमध्येच विलीन झाली. सी-डॅकचा ॲडव्हान्स्ड कॉम्प्युटिंगचा डिप्लोमा सहा महिन्यांचा, पूर्णवेळ, आणि आधी प्रवेशपरीक्षा. सोपं काहीच नाही. कागदाचं वजन त्यातूनच आलं.

आता कंपन्यांचे कागद. नव्वदच्या दशकात नेटवर्किंगमध्ये नोव्हेलचं सीएनई म्हणजे मान होता. विंडोज एनटीने नोव्हेलचा बाजार खाल्ला आणि तो मानही गेला. पुढे मायक्रोसॉफ्टचं एमसीएसई आलं. लोक प्रश्न-उत्तरं पाठ करून पास व्हायला लागले आणि "कागदी एमसीएसई" ही शिवीच झाली. शेवटी जानेवारी २०२१ मध्ये मायक्रोसॉफ्टने ते बंदच केलं. एडब्ल्यूएसची सर्टिफिकेट्स २०१३ पासूनची. ती तीन वर्षं चालतात, नंतर नूतनीकरण करावं लागतं. सिस्कोच्या सीसीएनएचंही तसंच. म्हणजे कंपनीचा कागद हा पासासारखा असतो, मुदत संपली की नवा काढायचा.

पण कागद बदलत असताना खाली काय टिकून राहिलं, तेही बघा. एसक्यूएलचा जन्म १९७४ चा, आयबीएममधला. इंटरनेट ज्यावर चालतं ते टीसीपी-आयपी १९८३ साली अर्पानेटवर आलं. लिनक्स १९९१ चं. यातलं काहीच रद्द झालं नाही. नोव्हेल गेल्यावर तगले ते नेटवर्क समजणारे. नुसती नोव्हेलची बटणं पाठ असलेले अडकले.

म्हणून मला विचाराल तर क्रम असा. आधी एक प्रोग्रॅमिंग भाषा, एसक्यूएल, लिनक्स आणि नेटवर्किंगचा पाया. यातलं बरंचसं घरी बसून फुकट शिकता येतं. स्वतः केलेलं एखादं छोटं काम हाताशी ठेवा, मुलाखतीत त्यावर बोलता येतं. मग ज्या पदासाठी अर्ज करणार त्याच्या वीसेक जाहिराती उघडा आणि वहीत मोजा, कुठलं सर्टिफिकेट किती वेळा आलंय. त्यातलं एकच निवडा. टेस्टिंगला जायचं असेल तर आयएसटीक्यूबीचं फाउंडेशन बघा. त्याला मुदत नाही. सहा महिने पूर्णवेळ देता येत असतील तर सी-डॅकची प्रवेशपरीक्षा द्या. सरकारी नोकरीचा विचार असेल तर एमएस-सीआयटी जरूर करा, पण त्याच कामासाठी.

आणि पैसे भरण्याआधी काउंटरवर एक प्रश्न विचारा : "परीक्षा कोण घेणार आणि सर्टिफिकेटवर नाव कुणाचं असणार?" क्लास पूर्ण केल्याचा कागद वेगळा, कंपनीच्या परीक्षेचा वेगळा. बऱ्याच क्लासच्या फीमध्ये परीक्षेची फी धरलेली नसते. हे फी भरल्यावर कळून उपयोग नाही. कारण ती फी कुणाच्या तरी पीएफमधून, सोसायटीच्या कर्जातून किंवा आईच्या बांगड्यांवर आलेली असते.

टायपिंगच्या पिढीला एक गोष्ट पक्की माहीत होती. कागदाच्या पाठी बोटं हलली पाहिजेत. भेटू पुढच्या भागात.