एका बैठकीत किती? शस्त्रक्रियेच्या घड्याळाचा इतिहास

१/ मार्च १९१८. लंडनजवळच्या सिडकप येथील क्वीन्स हॉस्पिटलात राल्फ लम्ली हा तरुण ब्रिटिश वैमानिक मरण पावला. विमान अपघातात भाजलेला त्याचा संपूर्ण चेहरा एकाच मोठ्या शस्त्रक्रियेत नव्याने घडवण्याचा प्रयत्न त्यापूर्वी काही आठवडे झाला होता. आज अनेक सौंदर्यशस्त्रक्रिया एकाच बैठकीत उरकल्या जातात. त्या कितपत सुरक्षित, या प्रश्नाचा इतिहास लम्लीच्या मृत्यूशी येऊन भिडतो. #थ्रेड

२/ प्रारंभ भूल नसलेल्या काळापासून करावा लागेल. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात उत्तम शल्यविशारद म्हणजे वेगवान शल्यविशारद. रुग्ण शुद्धीवर असे, त्याला धरून ठेवावे लागे आणि प्रत्येक क्षण वेदनेचा असे. लंडनचा रॉबर्ट लिस्टन पाय कापण्याचे काम अडीच-तीन मिनिटांत संपवी. घड्याळ त्या काळी रुग्णाच्या किंकाळीतूनच ऐकू येत होते.

३/ १६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टनमध्ये विल्यम मॉर्टन याने ईथरच्या भुलीचे जाहीर प्रात्यक्षिक केले. २१ डिसेंबरला लिस्टनने लंडनमध्ये ईथर देऊन एका रुग्णाची मांडी कापली. पाय वेगळा होण्यास अर्ध्या मिनिटाच्या आसपास वेळ लागला. पण त्या वेगाची निकड त्याच दिवशी संपली. झोपलेला रुग्ण आता घाई करीत नव्हता.

४/ हे वरदान होते, यात शंका नाही. पोट, छाती, मेंदू येथवर शल्यविशारदाचा हात पोहोचला तो भुलीमुळे. मात्र वेदना गेली म्हणून शरीरावरचा ताण गेला नाही; तो केवळ दिसेनासा झाला. १८९४-९५ च्या सुमारास बोस्टनमध्ये हार्वी कुशिंग आणि अर्नेस्ट कॉडमन या तरुणांनी भुलीखालील रुग्णाची नाडी व श्वास ठरावीक अंतराने कागदावर नोंदवण्यास आरंभ केला. मुके झालेले घड्याळ पुन्हा वाचता यावे, यासाठीची ही खटपट होती.

५/ अवयवांची पुनर्रचना करणाऱ्या शस्त्रक्रियेत मात्र वेळेला आणखी एक अर्थ आहे, आणि त्याचा सर्वांत बोलका पुरावा पुण्याजवळचा आहे. ऑक्टोबर १७९४ च्या लंडनच्या ‘जेंटलमन्स मॅगझिन’मध्ये कावसजी नावाच्या माणसाची हकीकत छापून आली. त्याला शेतकरी जातीतील मराठा म्हटले आहे. १७९२ च्या युद्धात तो इंग्रज सैन्यात बैल हाकणारा होता. टिपूच्या सैन्याच्या हाती सापडल्यावर त्याचे नाक आणि एक हात कापण्यात आला.

६/ सुमारे वर्षभर तो नाकावाचून राहिला. मग पुण्याजवळच्या, विटा पाडणाऱ्या जातीतील एका कारागिराने त्याला नवे नाक बसवले. थॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले हे मुंबईतील इंग्रज डॉक्टर या शस्त्रक्रियेचे साक्षीदार म्हणून नोंदले गेले आहेत. कावसजीचे चित्र जेम्स वेल्सने काढले. पेशवे दरबारातील माणसांची चित्रे काढणारा हाच तो चित्रकार.

७/ कृती अशी : मेणाच्या पातळ पत्र्याने नाकाचा आकार घ्यायचा, तो सपाट करून कपाळावर ठेवायचा, त्याभोवती रेघ आखायची आणि तेवढी कातडी सोडवायची. पण सगळी नाही. दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक अरुंद देठ तसाच राखायचा आणि त्यावर कातडी फिरवून नाकाच्या जागी बसवायची. त्या देठातून रक्त येत राहते, तोवर कातडी जिवंत राहते. देठ कापायचा तो सुमारे २५ व्या दिवशी, नव्या जागेतून रक्तपुरवठा सुरू झाल्यावर.

८/ ते पंचवीस दिवस या सगळ्या कृतीचा कणा आहेत. कारागिराचा हात कितीही सराईत असो, रक्तवाहिन्या जुळण्याचा काळ त्याला आटोपता येत नव्हता. लंडनच्या जोसेफ कार्प्यूने हीच भारतीय पद्धत अभ्यासून १८१४ मध्ये शस्त्रक्रिया केली आणि १८१६ मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला. युरोपातील आधुनिक प्लास्टिक सर्जरीच्या पायाशी अशी ही प्रतीक्षा आहे.

९/ शंभर वर्षांनी पहिल्या महायुद्धाने हाच धडा पुन्हा, फार मोठी किंमत घेऊन शिकवला. खंदकातून डोके वर काढणाऱ्या सैनिकांचे चेहरे तोफगोळ्यांच्या तुकड्यांनी फाटत होते. हॅरल्ड गिलीज या न्यूझीलंडमध्ये जन्मलेल्या डॉक्टराने आधी ऑल्डरशॉट येथे आणि १९१७ पासून सिडकपच्या क्वीन्स हॉस्पिटलात त्यांच्यावर उपचार केले. सिडकपला पाच हजारांहून अधिक जखमींवर अकरा हजारांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

१०/ या दोन आकड्यांतच पद्धत दडली आहे. एका माणसामागे सरासरी दोनहून अधिक शस्त्रक्रिया, आणि कित्येकांच्या वाट्याला त्याच्या अनेक पटींनी. ऑक्टोबर १९१७ मध्ये विली व्हिकरेज या भाजलेल्या खलाशावर काम करताना गिलीजला दिसले की उचललेल्या कातडीच्या कडा आपोआप आत वळत आहेत. त्याने त्या शिवून टाकल्या. देठाची नळी झाली, जंतुसंसर्ग घटला आणि रक्तपुरवठा टिकला. ओडेसात व्लादिमिर फिलातोव्ह स्वतंत्रपणे याच युक्तीपाशी पोहोचला होता.

११/ नळीची युक्ती हाती आली तरी घाईचा मोह सुटला नव्हता. लम्ली १९१६ च्या अपघातात भाजल्यानंतर वर्षाहून अधिक काळाने सिडकपला आला. तो खचलेला होता, प्रकृती क्षीण होती. गिलीजने त्याच्या छातीवरील कातडीचा एक प्रचंड तुकडा उचलून संपूर्ण चेहऱ्यावर बसवण्याचे ठरवले. मुख्य शस्त्रक्रिया फेब्रुवारी १९१८ मध्ये झाली. रोपण सडू लागले, छातीची जखम भरेना आणि काही आठवड्यांत लम्लीचे हृदय थांबले.

१२/ गिलीजचे मोठेपण त्यानंतरच्या वागण्यात आहे. १९२० च्या आपल्या ग्रंथात त्याने हे अपयश लपवले नाही. परिपूर्ण चेहऱ्याच्या ओढीने रुग्णाच्या प्रकृतीविषयीच्या आपल्या निर्णयबुद्धीवर मात केली, अशा आशयाची कबुली त्याने दिली. ही दुरुस्ती तुकड्यातुकड्याने व्हायला हवी होती, हा त्यातून निघालेला निष्कर्ष. जे सन्मानपूर्वक उद्यावर टाकता येते ते आज करू नये, हे पुढे त्याचे प्रसिद्ध सूत्र ठरले.

१३/ आता युद्धाकडून बाजारपेठेकडे. सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया विसाव्या शतकात वाढली, आणि १९७७ च्या सुमारास पॅरिसमध्ये ईव्ह-झेरार इलूझ याने बोथट नळीने चरबी शोषून काढण्याची पद्धत विकसित केल्यावर तिने वेग घेतला. १९८७ मध्ये अमेरिकेतील जेफ्री क्लाइन याने पातळ केलेले बधिरतेचे औषध मोठ्या प्रमाणात टोचून, अत्यल्प रक्तस्रावात हे काम करण्याचे तंत्र मांडले. लायपोसक्शन रुग्णालयातून खासगी दवाखान्यात आले.

१४/ मग एकत्रीकरण आले : पोटाची सैल त्वचा काढणे, चरबी शोषणे, स्तनांची शस्त्रक्रिया, सर्व एकाच भुलीत. यामागील युक्तिवाद पोकळ नाही. भूल एकदाच, रजा एकदाच, खर्च कमी, अंथरुणातील दिवस कमी. निरोगी व्यक्ती, मर्यादित काम आणि सुसज्ज शस्त्रक्रियागृह असेल तर असे एकत्रीकरण बहुतेक वेळा निर्विघ्न पार पडते. प्रश्न मर्यादेचा आहे : किती कामे, किती तास?

१५/ तास वाढले की शरीरात काय घडते? पहिली गोष्ट म्हणजे थंडी. भुलीखाली शरीर आपली उष्णता राखू शकत नाही. १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोठ्या आतड्याच्या शस्त्रक्रियेच्या २०० रुग्णांचे दोन गट केले गेले. ज्यांना ऊब दिली त्यांच्यात जखमेचा संसर्ग ६ टक्के होता. ज्यांना नेहमीप्रमाणे गार होऊ दिले त्यांच्यात १९ टक्के. दोन्ही गटांतील तापमानाचा फरक होता जेमतेम दोन अंश.

१६/ दुसरी गोष्ट म्हणजे रक्ताची गुठळी. चालताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलतात. भुलीत ते निश्चल असतात. पायात साकळलेली गुठळी सुटून फुप्फुसात अडकते, हे जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो याने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यासच दाखवले होते. २०१५ मध्ये १४ लाखांहून अधिक अमेरिकी शस्त्रक्रियांची छाननी झाली. सरासरी कालावधीच्या तुलनेत सर्वाधिक लांबलेल्या गटात गुठळीची शक्यता सुमारे १.२७ पट आढळली.

१७/ सौंदर्यशस्त्रक्रियेचा हिशेब २००० मध्ये समोर आला. अमेरिकेतील प्लास्टिक सर्जनांच्या एका पाहणीत सुमारे ४ लाख ९६ हजार लायपोसक्शनमागे ९५ मृत्यू नोंदले गेले : एक लाखामागे सुमारे १९. मृत्यूच्या कारणांत फुप्फुसातील गुठळी अग्रभागी होती. किरकोळ समजल्या गेलेल्या, ऐच्छिक कामासाठी हे प्रमाण धक्कादायक होते.

१८/ २००१ मधील दुसऱ्या पाहणीने एकत्रीकरणाचा भाग वेगळा काढून दाखवला. केवळ लायपोसक्शन : ४७,४१५ मध्ये एक मृत्यू. पोटाच्या शस्त्रक्रियेखेरीज अन्य कामाची जोड : ७,३१४ मध्ये एक. पोटाच्या शस्त्रक्रियेची जोड : ३,२८१ मध्ये एक. पहिल्या आणि शेवटच्या प्रमाणात चौदा पटींहून अधिक अंतर.

१९/ इतिहासाच्या विद्यार्थ्याने येथे साधनचिकित्सा विसरू नये. या पाहण्या डॉक्टरांनी स्वतः दिलेल्या उत्तरांवर उभ्या आहेत. असे मृत्यू मुळातच थोडे, त्यामुळे एखाद्या घटनेनेही प्रमाण हलते. शिवाय पोटाची शस्त्रक्रिया एकटी केली तरी तिला स्वतःची जोखीम आहेच. सगळा दोष ‘जोडणी’च्या माथी मारता येत नाही. तरीही दिशा स्पष्ट होती आणि तिची दखल घेतली गेली.

२०/ फ्लोरिडा राज्याच्या वैद्यकीय मंडळाने ऑगस्ट २००० मध्ये दवाखान्यांतील पूर्ण भुलीच्या शस्त्रक्रियांवर ९० दिवसांची स्थगिती आणली. फेब्रुवारी २००४ मध्ये पोटाची शस्त्रक्रिया आणि लायपोसक्शन दवाखान्यात एकत्र करण्यावर पुन्हा ९० दिवसांची बंदी आली. तेथील नियमांनी दवाखान्यातील एकत्रित शस्त्रक्रियांना आठ तासांची कमाल मर्यादा घातली. एकट्या लायपोसक्शनमध्ये ४,००० मिलिलिटर चरबीची मुभा. दुसऱ्या कामाची जोड असेल तर केवळ १,०००.

२१/ अमेरिकी प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेने २००२ च्या मार्गदर्शनात दवाखान्यातील शस्त्रक्रिया शक्यतो सहा तासांत संपावी, असे सुचवले. हे आकडे निसर्गनियम नव्हेत. सहाव्या तासाला धोका अचानक दारात उभा राहतो असे नाही. तो हळूहळू चढत जातो. पण चढणीवर कोठे तरी दगड रोवावा लागतो.

२२/ नोव्हेंबर २००७ मध्ये गायक कान्ये वेस्टची आई, प्राध्यापक डॉन्डा वेस्ट, यांचे कॅलिफोर्नियात लायपोसक्शन व स्तनशस्त्रक्रियेनंतरच्या दिवशी निधन झाले. हृदयधमन्यांचा आजार आणि शस्त्रक्रियेनंतरचे अनेक घटक असे कारण मृत्युसमीक्षकाने नोंदवले. त्यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा २००९ मध्ये संमत झाला : ऐच्छिक सौंदर्यशस्त्रक्रियेपूर्वी शारीरिक तपासणी आणि शस्त्रक्रियेस हरकत नसल्याचा लेखी वैद्यकीय दाखला अनिवार्य. ‘किती तास’ याआधी ‘कोणाच्या शरीरावर’ हा प्रश्न येतो. लम्लीच्या वेळीही तोच आधी विचारायला हवा होता.

२३/ घड्याळ रुग्णाचे तसे शल्यविशारदाचेही असते. नितंबांत चरबी भरण्याच्या शस्त्रक्रियेत चरबी मोठ्या शिरांत शिरून मृत्यू होऊ लागले, तेव्हा २०२२ मध्ये फ्लोरिडाने एका सर्जनाने दिवसात अशा तीनच शस्त्रक्रिया कराव्यात, असा तातडीचा नियम काढला. थकलेला हात आणि दारात ताटकळणारा पुढचा रुग्ण, हेही जोखमीचे भाग आहेत, हे त्यातून मान्य झाले.

२४/ लिस्टनच्या काळी रुग्ण स्वतः घड्याळ होता. भुलीने त्याला त्या कामातून मुक्त केले. म्हणून ती जबाबदारी इतरांवर आली : भूलतज्ज्ञावर, नियमांवर आणि शस्त्रक्रियेआधी शांतपणे विचारलेल्या प्रश्नांवर. एकूण किती तास? ठरल्यापेक्षा वेळ वाढला तर कोणते काम सोडून देणार? ऊब आणि गुठळी यांची तजवीज काय? रात्री लक्ष कोण ठेवणार? ‘हे दोन टप्प्यांत करता येईल का?’ असे विचारणे म्हणजे भित्रेपणा नव्हे. गिलीज हेच एका वैमानिकाच्या मृत्यूतून शिकला.

२५/ पुण्याजवळच्या त्या कारागिराचे नाव इतिहासाने जपले नाही. त्याच्याजवळ भूल नव्हती, रक्तदाब मोजण्याचे यंत्र नव्हते. पण देठ कधी कापायचा नाही, हे त्याला ठाऊक होते. कावसजीने पंचवीस दिवस वाट पाहिली आणि नवे नाक घेऊन तो घरी गेला.

— समाप्त —