कायद्याच्या आधी भरलेली शाळा : व्हालेन्सियन भाषेची गोष्ट

आज आपण स्पेनच्या पूर्व किनाऱ्यावर जाणार आहोत. तिथे व्हालेन्सिया नावाचा प्रांत आहे. आपल्यापैकी बऱ्याच जणांना तो संत्र्यांमुळे नाहीतर फुटबॉलमुळे ठाऊक असेल. आम्ही हा विषय निवडला तो एका प्रश्नासाठी. जी भाषा कचेरीत चालत नाही आणि शाळेतही शिकवली जात नाही, ती जिवंत कोण ठेवतं? सरकार ठेवतं, असं आपल्याला पटकन वाटतं. व्हालेन्सियाचा इतिहास वेगळं सांगतो. तिथे कायदा १९८३ साली आला. पण शाळा त्याच्या कितीतरी आधी भरली होती आणि ती भरवली होती साध्या माणसांनी.

थोडी पार्श्वभूमी बघू. १२३८ साली राजा पहिला जाउमे याने व्हालेन्सिया शहर जिंकलं आणि त्याच्याबरोबर आलेल्या वसाहतकारांनी आपली बोली तिथे रुजवली. कातालान आणि व्हालेन्सियन या भाषाशास्त्राच्या दृष्टीने एकाच भाषेची दोन रूपं. पंधराव्या शतकात हे शहर साहित्याची मोठी पेठ होती. कवी आउझियास मार्क याच काळातला आणि 'तिरान्त लो ब्लांक' ही गाजलेली कादंबरी १४९० साली याच शहरात छापली गेली. म्हणजे ही काही केवळ गावंढळ बोली नव्हती. तिला राजदरबार होता, छापखाना होता.

मग १७०७ साल उजाडलं. स्पेनच्या गादीच्या वारसायुद्धात व्हालेन्सियातले बरेच लोक हरणाऱ्या बाजूला होते. एप्रिलमध्ये अल्मान्साची लढाई झाली आणि जूनमध्ये राजा पाचवा फेलिपे याने एका हुकमाने प्रांताचे जुने कायदेच रद्द केले. कारभार हळूहळू कास्तेलियन म्हणजे आपण ज्याला स्पॅनिश म्हणतो त्या भाषेत गेला. शहरातल्या प्रतिष्ठित घरांनीही मुलांशी कास्तेलियन बोलायला सुरुवात केली. शेतात व्हालेन्सियन आणि कोर्टात कास्तेलियन अशी वाटणीच झाली. ही वाटणी लक्षात ठेवा, कारण पुढची सगळी धडपड ती मोडण्यासाठी आहे.

१८७८ साली व्हालेन्सिया शहरात 'लो रात पेनात' नावाची संस्था निघाली. नावाचा अर्थ वटवाघूळ. ते शहराच्या बोधचिन्हावर आहे. कवी कोन्स्तान्ती योम्बार्त हे तिचे संस्थापक. काव्यस्पर्धा, पारितोषिकं, समारंभ असं तिचं काम चाले. भाषेचा मान वाढला, हे खरं. पण वर्षातून एकदा कवितेला फुलं वाहून मूल लिहायला शिकत नाही.

ही गोष्ट ज्याला टोचली त्याचं नाव कार्लेस साल्वादोर. जन्म १८९३. हे कुणी मोठे प्राध्यापक नव्हते. डोंगराळ भागातल्या बेनास्साल गावचे शाळामास्तर. १९१९ साली त्यांनी शाळेत व्हालेन्सियन शिकवण्याची बाजू मांडणारं पुस्तक काढलं. त्यांचा मुद्दा सरळ होता. मूल घरी एक भाषा बोलतं आणि शाळेत त्याला दुसऱ्याच भाषेत अक्षर ओळखायला लावतात. मग ते अडखळणार नाही तर काय?

पण शिकवायचं तर शुद्धलेखन कुठलं? प्रत्येक लेखक आपापल्या पद्धतीने लिहीत होता. व्याकरणकार फादर लुईस फुयाना यांची पद्धत वेगळी, बार्सिलोनाकडे बघणाऱ्यांची वेगळी. अखेर २१ डिसेंबर १९३२ रोजी कास्तेल्यो शहरात अनेक संस्था आणि लेखक एकत्र आले आणि एका समान लेखनपद्धतीवर त्यांनी सह्या केल्या. ती 'कास्तेल्योचे नियम' म्हणून ओळखली जाते. फुयानांनीही सही केली, स्वतःची पद्धत बाजूला ठेवून. यात सरकार कुठेही नव्हतं. लोकांनी आपसात केलेला हा करार होता. लगेच १९३३ साली साल्वादोरांनी शुद्धलेखनाचं पुस्तक काढलं आणि तरुण अभ्यासक मानुएल सांचिस ग्वार्नेर यांनी व्हालेन्सियनांच्या भाषेवर सगळ्यांना समजेल असं पुस्तक लिहिलं.

घडी बसते न बसते तोच यादवी युद्ध आलं. १९३९ साली फ्रांकोची राजवट सुरू झाली आणि भाषेला शाळेची व कचेरीची दारं बंद झाली. सांचिस ग्वार्नेर तुरुंगात गेले.

आता आपल्या गोष्टीचा गाभा येतो. काव्यस्पर्धा आणि लोककला एवढ्यापुरती व्हालेन्सियन राजवटीला चालत होती. त्या फटीतूनच १९४९ साली 'लो रात पेनात'मध्ये भाषेचे वर्ग सुरू झाले. शिकवायला कोण? तेच कार्लेस साल्वादोर. या वर्गांतून १९५१ साली त्यांचं व्याकरण आलं. पुढे पोस्टानेही धडे जाऊ लागले. विचार करा, माणसं आपलीच मातृभाषा लिहायला शिकत होती, तीही मोठेपणी. त्याचा नोकरीत काही उपयोग नव्हता. साल्वादोर १९५५ साली गेले, पण वर्ग थांबले नाहीत. त्याच काळात एन्रिक वालोर खेड्यापाड्यांतल्या लोककथा गोळा करून लिहीत होते. शिकणाऱ्याला व्याकरणाच्या जोडीला वाचायला काहीतरी हवं असतं; ते या कथांनी दिलं. साठच्या दशकाच्या अखेरीस काही पालक आणि शिक्षकांनी मिळून स्वतःच्या शाळाही काढल्या.

इथे या गोष्टीची दुखरी बाजूही सांगायला हवी. १९७५ साली फ्रांको मेला आणि लोकशाही आली, तसा भाषेच्या नावावरून प्रचंड वाद पेटला. ही भाषा कातालानच आहे की पूर्ण स्वतंत्र? वाद कागदावर राहिला नाही. १९७८ साली सांचिस ग्वार्नेर यांना पार्सलमधून बॉम्ब पाठवला गेला, ते बचावले. १९८१ साली लेखक जोआन फुस्तेर यांच्या सुएका गावातल्या घरी बॉम्बस्फोट झाले. आणि ज्या 'लो रात पेनात'ने कास्तेल्योच्या नियमांनी एक पिढी शिकवली, तीच संस्था उलट फिरली आणि तिने वेगळी लेखनपद्धत उचलून धरली. परक्या राजवटीने जे केलं नाही ते घरच्या भांडणाने केलं. घरात व्हालेन्सियन बोलणारे लोकही म्हणू लागले, हे राजकारण आम्हाला नकोच.

तरीही २३ नोव्हेंबर १९८३ रोजी भाषेच्या वापराचा आणि शिक्षणाचा कायदा झाला. व्हालेन्सियन शाळेत आली. प्रांताच्या आतल्या काही भागांत पूर्वीपासून कास्तेलियनच बोलतात, तिथे सवलत ठेवली गेली. कायदा कागदावर एका दिवसात होतो हो, पण वर्गात उभं राहायला शिक्षक लागतो, पाठ्यपुस्तक लागतं, ठरलेलं शुद्धलेखन लागतं. हे सगळं थोडंफार तयार होतं, ते त्या वर्गांमुळे. शाळेत कास्तेल्योच्याच परंपरेचे नियम टिकले. १९९८ साली व्हालेन्सियन भाषा अकादमी स्थापन करणारा कायदा झाला, तिनेही तोच पाया धरला.

कायदा आल्यावर लोक घरी बसले का? नाही. नव्या शाळांना पालक मिळवणं, शिक्षकांना आधार देणं हे काम उरलंच होतं. त्यातून ठिकठिकाणच्या संघटना जोडून 'एस्कोला व्हालेन्सियाना' हा महासंघ उभा राहिला. दर वसंतात वेगवेगळ्या तालुक्यांत तिचे मेळावे भरतात. मुलं, पालक, शिक्षक, खेळ, गाणी, एखाद्या जत्रेसारखं. भाषा बोलणारा आणि नवशिका अशी जोडी जमवून नुसत्या गप्पा मारायला लावायच्या, असाही उपक्रम चालतो. कारण आजचा प्रश्न उलटा झाला आहे. पूर्वी माणसं बोलायची पण लिहिता येत नव्हतं. आता शाळेत शिकलेल्या अनेकांना लिहिता येतं, पण ती रस्त्यावर बोलत नाहीत.

गोष्ट संपलेली नाही. २०२५ साली एका नव्या कायद्यानुसार पालकांनाच विचारलं गेलं, तुमच्या मुलाच्या शिक्षणाची मुख्य भाषा कोणती? महासंघाचा त्या कायद्याला विरोध होता, तरी त्याने घरोघरी व्हालेन्सियन निवडा म्हणून प्रचार केला. निम्म्याहून किंचित जास्त कौल व्हालेन्सियनला मिळाला. किंचितच, हे विसरून चालणार नाही.

तर मंडळी, आपल्या सुरुवातीच्या प्रश्नाकडे येऊ. भाषा कोण जिवंत ठेवतं? कायद्याने दार उघडतं, हे नाकारायचं कारण नाही. पण दार उघडल्यावर आत यायला कुणीतरी तयार असावं लागतं, आणि ते काम बेनास्सालच्या मास्तरासारखी माणसं तीस-चाळीस वर्षं आधी करत असतात. आज इथेच थांबू. आपल्या शंका जरूर विचारा.