देवळाच्या शिखरावरील चुनेगच्ची मूर्ती व त्यांचे कारागीर

देवदर्शनाला येणारा भाविक प्रथम कळसाला हात जोडतो आणि मगच देवळाच्या पायऱ्या चढतो. त्या कळसाखाली, शिखराच्या कोनाड्यांतून, गणपती, मारुती, गरुड, दशावतार, क्वचित एखादा ढालतलवार घेतलेला शिपाई, पोपट आणि मोर असा सगळा परिवार बसलेला असतो. रोजच्या पाहण्यातल्या या मूर्ती कोणी आणि कशाच्या घडविल्या, याची विचारपूस सहसा होत नाही. जीर्णोद्धाराच्या वेळी ती होते. परंतु तोवर पुष्कळदा परांची बांधून हातोडा चाललेला असतो.

महाराष्ट्रातील बहुतेक प्राचीन देवळे दगडी आहेत. अंबरनाथच्या शिवमंदिरावर शके ९८२ म्हणजे इ. स. १०६० चा लेख आहे. तेथील किंवा सिन्नरच्या गोंदेश्वरावरील मूर्ती पाथरवटांनी काळ्या दगडातून कोरून काढलेल्या आहेत. पुढे मराठेशाहीत ठिकठिकाणी गाभारा दगडी आणि वर शिखर विटा-चुन्याचे अशी पद्धत रूढ झाली. पुण्याचे ओंकारेश्वर मंदिर (१७३८) याच काळातले. पाथरवट छिन्नीने दगड कमी करीत मूर्ती काढतो, तर चुन्याचा कारागीर थरावर थर चढवीत ती उभी करतो. आवारातील तुळशीवृंदावनाची नक्षी, ओवरीच्या कमानीवरची फुले आणि कित्येक ठिकाणचे गणपतीही अशाच हातांनी घडले.

हे काम मोठ्या सबुरीचे असे. लोणारी चुनखडी भट्टीत भाजून कळीचा चुना देत. तो पाण्यात विझवून हौदात मुरत ठेवीत. मग वाळूसह घाणीत घालून, बैल जुंपून, दगडी चाकाखाली मळून काढीत. कोठे गुळाचे पाणी, कोठे बेलफळाचा गर, कोठे ताग, अशी ज्या त्या भागाची भर त्यात पडे. शिखर बांधतानाच मूर्तीच्या जागी वीट पुढे काढून ठेवीत. तिच्यावर विटेचे तुकडे बसवून जाड थर देत, तो आवळला की बारीक चुन्याने अंग, वस्त्र, दागिने आणि शेवटी चेहरा घडवीत. चुना हवेतील कार्बन डायऑक्साइड शोषून सावकाश दगडासारखा होतो. म्हणून ओली गोणपाटे बांधून काम दिवसेंदिवस ओलसर राखावे लागे. साचा नसल्यामुळे दोन मूर्तींचे चेहरे कधी तंतोतंत सारखे उतरत नसत.

या विद्येची पोथी नव्हती. चुना पुरता मुरला की नाही हे थापीला तो कसा चिकटतो यावरून कळे, आणि ते कळायला बापाच्या किंवा वस्तादाच्या हाताखाली वर्षे काढावी लागत. पोरबंदरला १९१४ साली सिमेंटचा कारखाना सुरू झाला. पुढे स्वातंत्र्यानंतर गावोगाव सिमेंट पोहोचले. महिन्यांचे काम दिवसांत होऊ लागले, घाणी बंद पडल्या, आणि गवंड्यांची मुले स्लॅबच्या कामावर शहरांत गेली. चुन्याचा हात असलेला माणूस गावात उरलाच, तर तो बहुधा वयोवृद्ध, परांचीवर चढवत नाही असा.

जीर्णोद्धार समित्यांची अडचणही खरी असते. वर्गणी मोजकी, मुहूर्त जवळ आलेला, आणि चुना तर घाई मानीत नाही. सभामंडपाला सिमेंट शोभते व टिकतेही. परंतु जुन्या विटा-चुन्यावर सिमेंटचा गिलावा केला की आतली ओल आतच कोंडते, क्षार फुलतात आणि मागचा चुना भुसभुशीत होतो. तैलरंगाचे थर चढत गेले की पापण्या, ओठ, बोटे बुजून जातात. शिखरावरची भंगलेली मूर्ती ‘खंडित मूर्ती ठेवू नये’ म्हणून फोडून टाकली जाते. वास्तविक तो नियम गाभाऱ्यातील प्राणप्रतिष्ठा केलेल्या पूजामूर्तीचा आहे. शिखरावरचा मारुती मंदिराचा अलंकार होय. त्याचा तुटलेला हात चुन्यानेच पुन्हा जोडता येतो.

केंद्राचा १९५८ चा आणि राज्याचा १९६० चा कायदा संरक्षित स्मारकांपुरता आहे. बहुसंख्य ग्रामदेवळे त्यात येत नाहीत; त्यांचे रक्षण गावानेच करावयाचे असते. त्यासाठी फार खर्च लागतो असेही नाही. काम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक कोनाड्याचे छायाचित्र घ्यावे. पडलेले तुकडे मलब्यात न टाकता जपून ठेवावेत. पंचक्रोशीत चुन्याचे काम केलेला वृद्ध कारागीर असेल, तर त्याला खाली खुर्ची देऊन बसवावे आणि दोन तरुण गवंडी त्याच्या हाताखाली द्यावेत. त्याचे हात थकले असले तरी नजर थकलेली नसते. एक शिखर त्याच्या देखरेखीखाली झाले, तर पुढच्या दहा देवळांना माणसे तयार होतात.

जुन्या शिलालेखांत देऊळ बांधविणाऱ्याचे नाव असते. घडविणाऱ्याचे क्वचितच सापडते. आजच्या संगमरवरी फलकांवरही देणगीदारांची नावे रकमांसह येतात, आणि ते योग्यच आहे. त्याच फलकाच्या तळाशी मूर्ती सांभाळणाऱ्या कारागिराच्या नावाची एक ओळ कोरली, तर जागा फार अडणार नाही. कळसाला हात जोडणाऱ्या पुढच्या पिढीला, कळसाखालच्या मूर्ती कोणाच्या हातच्या, हे मग विचारावे लागणार नाही.